दोनदा म्हटलेला शब्द

एनिड टायसनचं एक ठाम मत होतं आणि हॅगबेक गावात ते ऐकायचं राहिलेलं कुणी उरलं नव्हतं. माणूस एकदा ‘हो’ म्हणाला की काम होतं. ‘हो हो’ म्हणाला की समजायचं, होत नाही. ‘बघू’ म्हणणारा निदान बघतो तरी. ‘बघू बघू’ म्हणणारा तोवर दाराकडे निघालेला असतो. आम्हा इंग्रजांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून आम्ही हो दोनदा म्हणतो, असं ती सांगायची. ‘अगदी अगदी’, ‘छान छान’, ‘येतो येतो’ हे सगळं तिच्या मते एकाच पठडीतलं. जितक्यांदा म्हणाल तितकं पोकळ.

एकतीस वर्षं तिने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. आज गावात जे चाळिशीचे बाप्ये आणि बाया छाती काढून हिंडतात, त्यातल्या निम्म्यांना तिने समोर उभं राहून कोबी खायला लावला होता. “संपव,” एवढं ती एकदा म्हणायची. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ तिच्यावर फारशी आली नाही, कारण हातात वाढायचा डाव असायचा. नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर तो डाव घरी आला आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच डावाने ती रोज दुपारी एकच ताट वाढायची, मॉरीनचं.

मॉरीन म्हणजे तिची थोरली बहीण. ओढ्यापलीकडच्या घरात एकटी राहायची. दोघींनी एका घरात राहावं हे गावाने सुचवून पाहिलं होतं, पण आठवड्यात एकीचं प्रेत निघेल असं दोघींचंही म्हणणं पडल्यामुळे विषय मिटला. चार वर्षांपूर्वी मॉरीनला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. शेगडीवर काही ठेवून विसरायला लागली तेव्हा शेगडीही काढून टाकावी लागली. वाचेतलं एकच काय ते शिल्लक राहिलं: ‘असू दे, असू दे.’ रडणाऱ्या पोराला थोपटताना म्हणतात ते. मॉरीनला भूक लागली की ‘असू दे, असू दे’. चहा गार झाला की तेच, रागाने. खिडकीत रॉबिन पक्षी आला की तेच, हसून. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, कुणाची एखादी शिवी राहते, कुणाचा एखादा आकडा.

“शिवी राहिली असती तर बरं झालं असतं,” एनिड म्हणाली होती. “निदान खरं तरी बोलली असती.”

तिच्या मागच्या दारातून निघून ब्रॅथवेटांच्या दोन कुरणांमधून, ओढ्यावरच्या फळीवरून मॉरीनच्या अंगणात पोचायला बारा मिनिटं लागायची. झटक्याच्या कितीतरी आधीपासून एनिड रोज त्याच वाटेने बहिणीकडे जायची. ताट टॉवेलात गुंडाळून नेलं की वाफ निघतच मॉरीनच्या पुढ्यात जायचं. ही वाट कुणी आखली नव्हती, कुणी बांधली नव्हती. लोक चालत होते म्हणून ती होती.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात तिथे फाटक बसलं आणि फाटकाला टाळं लागलं.

म्हातारा गिल्बर्ट ब्रॅथवेट वारला होता आणि त्याचा मुलगा रॉडनी शहरातली नोकरी सोडून शेतावर आला होता. त्याने वरच्या कुरणात सुट्टीवर येणाऱ्यांसाठी चार लाकडी खोल्या बांधल्या आणि प्रत्येकीसमोर डुंबायला गरम पाण्याचं पिंप ठेवलं. त्या पिंपात बसलेल्या पाहुण्यांना समोरून टॉवेलात ताट घेऊन जाणारी म्हातारी नको होती. बरं, रॉडनी माणूस वाईट असता तर एनिडला सोपं गेलं असतं. तो स्वतः तिच्या दारात आला, टोपी काढून.

“माफ करा, माफ करा, मिसेस टायसन. मला फार वाईट वाटतंय हो. पण तुमचं काय अडतंय? तुम्हाला मी किल्ली देतो. तुम्ही खुशाल या-जा, फक्त टाळं लावत जा.”

एनिडचा हात पुढे झालाही होता. पण तेवढ्यात तिला आदल्या आठवड्यात जिल्हा कचेरीतल्या माणसाने फोनवर सांगितलेलं आठवलं. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेवरून उघडपणे, न भांडता आणि कुणाची परवानगी न घेता चालले, तर ती वाट सगळ्यांची होते. मग मालकालाही बंद करता येत नाही. मात्र परवानगीने चाललात की ती मेहेरबानी. मेहेरबानीची वीस काय, दोनशे वर्षं झाली तरी हक्क होत नाही.

“किल्ली नको,” ती म्हणाली. “मला वाट पाहिजे.”

आणि त्या दिवसापासून ती रस्त्याने जायला लागली. पन्नास मिनिटं जायला, पन्नास यायला. रस्त्याला पायवाट नाही, वळणावर दगडखाणीचे ट्रक, आणि बस मंगळवारी अन् शुक्रवारी. डावा गुडघा तिसऱ्या आठवड्यापासूनच बोंबलायला लागला. मॉरीनच्या पुढ्यात ताट जायचं तेव्हा रश्श्यावर साय धरलेली असायची. मॉरीन चमच्याने ती साय बाजूला सारायची आणि म्हणायची, “असू दे, असू दे.”

“असू कसं दे!” एनिड ओरडायची. “गार मटण काय असू दे? वीस वर्षांची वाट काय असू दे? गप जेव!”

*

गावपंचायतीचा अध्यक्ष क्लेमंट डॉकरे तिच्याच वर्गातला. त्याने विषय सभेत घेतला. एनिड उभी राहिली, जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगून खाली बसली. मग सभासद बोलले. “अगदी अगदी,” एक म्हणाला. “वा वा,” दुसऱ्याने टेबलावर बोटं वाजवली. तिसरी बाई म्हणाली, हे असं पायरी-पायरीनेच करावं लागतं, आणि चौथा म्हणाला, हळूहळू होईल, हळूहळू होईल. त्यानंतर बस थांब्यावरच्या फुलांच्या कुंडीवर पाऊण तास चर्चा झाली.

“क्लेमंट,” बाहेर आल्यावर एनिड म्हणाली, “एक माणूस मला असा दाखव जो आज आत काहीतरी एकदा म्हणाला.”

“शांत हो, शांत हो.”

“हे बघ! तूसुद्धा!”

शेवटी अर्ज तिनेच केला. अर्जासोबत साक्षीचे फॉर्म हवे होते: तुम्ही या वाटेने किती वर्षं चाललात, किती वेळा, कुणाला विचारलं होतं का. तिने बावीस घरी फॉर्म वाटले आणि प्रत्येक दारात तेच वाक्य सांगितलं, की परवानगीच्या रकान्यात खरं तेच लिहा. विचारलं नसेल तर ‘नाही’ लिहा. सगळे म्हणाले, हो हो.

अकरा फॉर्म परत आले. एनिडने स्वयंपाकघराच्या टेबलावर ते पसरले, चष्मा लावला आणि वाचता वाचता तिच्या डोक्यात तिडीक गेली. अकरापैकी नऊ जणांनी लिहिलं होतं, ‘ब्रॅथवेट कुटुंबाच्या कृपेने’. त्यातल्याच एकीने पुढे लिहिलं होतं, ‘गिल्बर्ट इतके सज्जन होते की त्यांनी आम्हाला कधीच अडवलं नाही, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.’ आणि उपकार शब्दाखाली रेघ.

ती छत्री घेऊन तशीच निघाली. पहिलं दार डेरेक हॉगचं. हा तोच डेरेक, जो कोबी मोज्यात लपवायचा.

“तू गिल्बर्टला कधी विचारलं होतंस, डेरेक? की बाबा रे, तुझ्या शेतातून जाऊ का म्हणून?”

“नाही बुवा. कशाला विचारू? सगळेच जायचे.”

“मग हे कृपेने कुठून आलं?”

डेरेकने मान खाजवली. “ते... तसं लिहिलं की बरं दिसतं ना, मिसेस टायसन. म्हातारा नुकताच गेलाय. नुसतं ‘नाही’ लिहायचं म्हणजे किती उद्धट.”

“अरे, तुझ्या या बरं दिसण्याने गावाची वाट जाते आहे!”

“हो हो, कळलं कळलं.”

“एकदा म्हण!”

“कळलं,” डेरेक म्हणाला आणि पेन शोधायला आत पळाला.

नऊ घरांत तिने हेच केलं. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, बरं दिसतं म्हणून लिहिलं. कुणीही कधी विचारलेलं नव्हतं. हे सगळे लोक स्वतःच्या मालकीच्या वस्तूबद्दलही दुसऱ्याचे आभार मानतील आणि वर कार्ड पाठवतील, असं ती त्या संध्याकाळी मॉरीनला म्हणाली, आणि बूट काढून पाय बादलीत सोडून बसली. दोन वर्षं तिने अशी काढली. कचेरीतून पत्र यायचं, ती उत्तर द्यायची, कचेरी म्हणायची विचाराधीन आहे. रस्ता मात्र रोज पन्नास मिनिटांचाच राहिला.

*

फेब्रुवारीत गावच्या सभागृहात सुनावणी लागली. चहाचं मोठं भांडं उकळत होतं, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मधल्या टेबलामागे सरकारी तपासनीस बाई बसल्या होत्या. करडा कोट, टोकदार पेन्सिल, आणि चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्या कुणाला काही दोनदा विचारत नव्हत्या. एनिडला त्या पहिल्या पाच मिनिटांत आवडल्या.

सकाळ चांगली गेली. डेरेकने ‘नाही’ एकदाच म्हटलं आणि घाम पुसला. बाकीच्यांनीही साक्षी दिल्या, पण कुणी फक्त रविवारचं चाललेलं, कुणी सहा वर्षांपूर्वी गावात आलेलं, कुणी कुत्रं होतं तोवर. वीसच्या वीस वर्षं, रोजच्या रोज चाललेलं माणूस एकच होतं. बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवून एनिडकडे नीट पाहिलं.

“या वीस वर्षांत तुम्ही मालकाची परवानगी मागितली?”

“नाही.”

“त्यांनी दिली?”

“नाही. त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही. मी चालले.”

क्लेमंटने मागून अंगठा वर केला. आणि तेवढ्यात रॉडनी उठला.

“माफ करा, माफ करा,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “मला हे अजिबात दाखवायचं नव्हतं. पण वकील म्हणतात दाखवायलाच हवं. आईच्या बिस्किटांच्या डब्यात होतं. ती सगळ्यांची कार्डं जपून ठेवायची.”

नाताळचं कार्ड होतं. बर्फात बसलेला रॉबिन पक्षी. बारा वर्षांपूर्वीचं. बाईंनी ते उघडलं आणि आतला मजकूर मोठ्याने वाचला.

“प्रिय गिल्बर्ट आणि आयव्ही, तुमच्या शेतातून मला नेहमी येऊ-जाऊ देता, त्याबद्दल खूप खूप आभार. ए.”

एनिडला आधी काहीच कळलं नाही. मग अक्षर दिसलं. तिचंच.

तो हिवाळा तिला आठवला. मॉरीनला न्यूमोनिया झाला होता आणि बर्फ कुंपणाच्या दगडी भिंतींएवढा चढला होता. सहा दिवस रोज सकाळी सातला गिल्बर्टने काही न सांगता ट्रॅक्टर काढला आणि तिच्या दारापासून ओढ्यापर्यंत वाट मोकळी करून दिली. सातव्या दिवशी मॉरीन उठून बसली. एनिड पोस्टात गेली, रॉबिनचं कार्ड घेतलं आणि तिथेच उभ्याने लिहायला लागली. ‘बर्फ काढल्याबद्दल आभार’ एवढंच लिहिणार होती. पण ते फार तुटक दिसलं. मजुराला पोच दिल्यासारखं. मॉरीन जिवंत होती, आणि एनिडच्या मनात त्या वेळी जे भरून आलं होतं ते एका ‘आभार’मध्ये मावत नव्हतं. म्हणून तिने ‘खूप’ दोनदा लिहिलं. आणि येऊ-जाऊ देण्याचं ते वाक्य जोडलं, कारण तसं लिहिलेलं बरं दिसत होतं.

क्लेमंट पुढे वाकला. “नुसतं ‘ए’ आहे,” तो तिच्या कानात पुटपुटला. “गावात एडिथ होती, एल्सी होती, एथेल होती. तिघी गेल्या. कोण विचारायला जाणार आहे? तू फक्त म्हण, आठवत नाही.”

“हे तुमचं अक्षर आहे?” तपासनीस बाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं म्हटलं तर एक शब्द पुरला असता. रोजची पन्नास मिनिटं, गुडघा, साय धरलेला रस्सा, सगळं त्या एका शब्दाने टळलं असतं. एनिडने मागे वळून पाहिलं. तिथे डेरेक बसला होता, आणि ज्यांच्या ज्यांच्या दारात जाऊन तिने खरं लिहा म्हणून आरडाओरडा केला होता ते नऊच्या नऊ जण बसले होते.

“हो,” ती म्हणाली. “पण ते बर्फाबद्दल होतं. गिल्बर्टने बर्फ काढला होता. मी वाटेबद्दल कधी...”

“इथे ‘नेहमी येऊ-जाऊ देता’ असं आहे.”

“ते बरं दिसावं म्हणून!”

ते शब्द तोंडातून निघाले आणि तिचे तिलाच ऐकू आले. डेरेक खाली जमिनीकडे बघत होता. बाईंनी पेन्सिल उचलली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

*

निकालाचं पत्र मार्च संपता संपता आलं. दोन पानं होती, पण कामाचं वाक्य एकच. वाटेचा सलग आणि नियमित वापर एकाच व्यक्तीने केला आणि तिच्याच हस्ताक्षरावरून तो मालकाच्या परवानगीने होता असं दिसतं. इतरांचा वापर हक्क सिद्ध करायला पुरेसा नाही. अर्ज नामंजूर.

गाव तिच्याशी फार चांगलं वागलं. त्यामुळे तर ती जास्तच चिडली. “च् च्, च् च्,” पोस्टातली बाई म्हणाली. “जाऊ दे, जाऊ दे,” क्लेमंट म्हणाला. कुणी एकाने तरी समोर येऊन म्हणावं की एनिड, तू घोळ घातलास, सगळ्यांना शिकवलंस आणि स्वतः तेच करून बसलीस, एवढीच तिची इच्छा होती. कुणी म्हणालं नाही. डेरेक तेवढा भाजीच्या टोपलीत एक कोबी घेऊन आला, ओट्यावर ठेवला आणि न बोलता गेला.

एप्रिलमध्ये वळणावर एका ट्रकने तिला कुंपणात ढकललं. लागलं काही नाही, पण ताट फुटलं आणि मॉरीन त्या दिवशी बिस्किटांवर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एनिड ब्रॅथवेटांच्या दारात जाऊन उभी राहिली. रॉडनीने दार उघडलं.

“किल्ली,” एनिड म्हणाली.

त्याने खिळ्यावरची किल्ली काढून लगेच तिच्या हातात दिली. तिच्यासाठी ती दोन वर्षं तिथे टांगलेली होती, निळा धागासुद्धा बांधून ठेवला होता. मग तो थांबला. तिथे आता एक शब्द यायला हवा होता. त्या गावात पाच वर्षांचं पोरही तो शब्द विसरत नाही, आणि पोरांना तो शिकवणाऱ्यांत एनिड स्वतः होती. तो तिच्या घशापर्यंत आला. ती किल्ली मुठीत धरून उभी राहिली आणि तो शब्द तिने गिळला. दोघंही अवघडली.

“आभार,” शेवटी रॉडनीच म्हणाला. त्याच्याने राहवलं नाही. “खूप खूप आभार, मिसेस टायसन.”

दुपारी तिने टाटीपॉट केलं: खाली मटण, वर बटाट्याचे काप, कडा करपवलेल्या, मॉरीनला आवडतात तशा. फाटकाशी आली, टाळं उघडलं, आत गेली, आणि ताट बाजूच्या दगडी भिंतीवर ठेवून वळून टाळं पुन्हा लावलं. पलीकडे रस्त्यावर डेरेकची बायको कुत्रा घेऊन उभी होती. तिने हात हलवला. एनिडने हलवला नाही, कारण कशाचा हात हलवायचा ते तिला कळेना. बारा मिनिटांनी ती मॉरीनच्या स्वयंपाकघरात होती.

झाकण काढलं तशी वाफ वर आली. मॉरीनने वाफेकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग एनिडने टेबलावर ठेवलेल्या किल्लीकडे, त्या निळ्या धाग्याकडे. तिची वाचा गेली होती, अक्कल नव्हती गेली. दोन वर्षं रोज दुपारी ती सगळी हकिगत ऐकत आली होती.

“गरम आहे,” एनिड म्हणाली. “खा.”

मॉरीनने चमचा उचलला नाही. तिने डावा हात पुढे केला, किल्लीवर ठेवला आणि ती टेबलावरून सरकवत नेली. काठापर्यंत. आणि मग काठावरून खाली. किल्ली फरशीवर वाजली. एनिड वाट बघत राहिली, की आता ती म्हणेल, नेहमीचं, जे तिला सगळ्याला म्हणता येत होतं. रागाने म्हणेल, रडून म्हणेल. मॉरीनने तोंड गच्च मिटून घेतलं आणि भिंतीकडे बघत बसली.

वाफ कमी व्हायला लागली. एनिडने बहिणीच्या त्या निकामी हातावर हात ठेवला आणि थोपटलं.

“असू दे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “असू दे, मॉरीन.”

मग टेबलाला धरून, दुखरा गुडघा वाकवत ती खाली बसली आणि किल्ली शोधू लागली.